सुटीच्या दिवसाचे वेळापत्रक

सुटीच्या दिवसाचेही वेळापत्रक करणारा माणूस कसा असतो, हे कोणाला पाहायचे असेल तर त्याने खुशाल माझ्या घरी यावे. मी मराठीचा प्राध्यापक. वीस वर्षे घंटेच्या ठोक्यावर बोलायला लागलो आणि घंटेच्या ठोक्यावर थांबलो. त्यामुळे रविवारचे वर्तमानपत्र किती वाजेपर्यंत वाचायचे, हेसुद्धा माझे ठरलेले असते. "तुमच्या हाती पंचांग दिले असते, तर तुम्ही अमावास्येलाही जादा तास घेतला असतात," असे सौभाग्यवती नेहमी म्हणते.

असा हा वेळापत्रकाचा माणूस दिवाळीची सुटी संपता संपता सोळा मुलामुलींना घेऊन मॉरिशसच्या किनाऱ्यावर जाऊन आला. तिथल्या एका सुटीच्या दिवशी त्याचे वेळापत्रक कसे वाहून गेले, त्याची ही हकीकत.

आता मराठीच्या प्राध्यापकाचे मॉरिशसला काय काम, अशी शंका चाणाक्ष वाचकाला येईल. काम माझे नव्हतेच. आमच्या कॉलेजातील प्राणिशास्त्राच्या बाईंनी एम.एस्सी.च्या मुलांसाठी दहा दिवसांची अभ्याससहल काढली होती. प्रवाळ, समुद्री गवत आणि तिवरांची वने हा विषय. नियमाप्रमाणे दोन शिक्षक बरोबर हवेत. दुसरे जे होते, त्यांचे ऐन वेळी हर्नियाचे ऑपरेशन निघाले. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितले, "मॉरिशसमध्ये मराठी माणसे आहेत म्हणे. तुम्हीच जा." हत्ती कापसाच्या गादीवर झोपत नाही म्हणून त्याला माहुताच्या खोलीत झोपवावे, तसला हा न्याय, पण प्राचार्यांपुढे न्यायशास्त्र चालत नाही.

घरी आल्यावर बातमी सांगितली. सौभाग्यवती पोळी लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "अहो, पण तुम्ही पाण्याला भिता, हे सांगितलेत का त्यांना?"

मी ते सांगितले नव्हते. का सांगितले नव्हते, ते पुढे येईल.

मुंबईहून विमानाने सहा-साडेसहा तासांत आपण मॉरिशसला उतरतो. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे आणि तिथून जवळच माहेबूर नावाचे लहानसे गाव आहे. आमचा मुक्काम तिथे. पहिला धक्का बसला तो रस्त्याच्या कडेला. नोव्हेंबर महिना, आणि गुलमोहर लालभडक फुललेला! मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला एकोणीस अंशांवर, तर हे बेट दक्षिणेला वीस अंशांवर. म्हणजे आरशात पाहावे तसे सगळे उलटे. आपला कार्तिक-मार्गशीर्ष तो त्यांचा उन्हाळा. घड्याळही दीड तास मागे करावे लागते. वेळापत्रकाच्या माणसाला ही सूचनाच होती. पण ती मला तेव्हा कळली नाही.

बेटाचा इतिहास थोडक्यात असा : १५९८ साली डच इथे उतरले आणि त्यांनी आपल्या राजपुत्राचे नाव बेटाला दिले. त्यांच्या काळात डोडो नावाचा बिचारा न उडणारा पक्षी नामशेष झाला. १७१० साली ते निघून गेले, १७१५ साली फ्रेंच आले, आणि १८१० साली इंग्रजांनी बेट घेतले. त्याच वर्षीच्या ऑगस्टात माहेबूरसमोरच्या उपसागरात फ्रेंचांनी इंग्रजांना आरमारी लढाईत हरवले होते. पण डिसेंबरात बेट गेले ते गेलेच. पुढे गुलामगिरी उठली आणि उसाच्या मळ्यांना माणसे हवी झाली. १८३४ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिये मजूर येऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ही संख्या साडेचार लाखांच्या आसपास गेली. त्यांत मुंबई बंदरातून आलेले आपले रत्नागिरीकडचे, कोकणातले लोकही होते. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ज्या सोळा पायऱ्या चढून हे लोक बेटावर येत, त्या अजून आहेत. 'आप्रवासी घाट' म्हणून २००६ साली त्यांची जागतिक वारशात नोंद झाली. हेन्रिएटा नावाच्या खेड्यात १८९६ साली गणपती बसला, असे तिकडे सांगतात, आणि आज गणेशचतुर्थीला त्या देशात सरकारी सुटी असते. शाळांतून मराठी शिकवतात. हे सारे मी जाण्यापूर्वी वाचून, टिपणे काढून, पाठ करून ठेवले होते.

पहिले पाच दिवस कामात गेले. मुले पहाटे उठत, रबरी बूट घालत, दोऱ्या आणि चौकटी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरत आणि चौकटीत काय काय दिसते ते पाटीवर लिहीत. बूट हवेतच, कारण खडकासारखा दिसणारा एक विषारी मासा तळाशी पडून असतो आणि त्याचा काटा लागला तर माणूस कळवळतो. मी किनाऱ्यावर फिलाओच्या, म्हणजे आपल्या सुरूच्या, झाडाखाली टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळीत बसे. दर दहा मिनिटांनी डोकी मोजी. सोळा. पुन्हा सोळा. मुलांनी माझे नाव 'जनगणना' ठेवले होते, हे मला माहीत होते.

या बेटाची एक खुबी बाईंनी मला समजावून दिली. बेटाभोवती सुमारे दीडशे किलोमीटर लांबीचे प्रवाळांचे कडे आहे. महासागराच्या लाटा त्या कड्यावर फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे शांत राहते. हे कडे म्हणजे दगडाची भिंत नव्हे. इवल्या इवल्या जिवांनी चुना साठवून ते उभारलेले असते, आणि वरचा थर जिवंत असतो. त्याला मध्ये मध्ये खिंडी असतात. त्यांतून भरती-ओहोटीचे पाणी आतबाहेर करते. "खिंडीच नसत्या तर आतले पाणी कुजले असते," बाई म्हणाल्या.

याच कड्यावर २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' नावाचे प्रचंड मालवाहू जहाज येऊन चढले. ऑगस्टच्या आरंभी त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले आणि माहेबूरचा किनारा काळा झाला. त्या वेळची गोष्ट आमच्या घरमालकीणबाईंनी सांगितली. लोक कोणाची वाट पाहत बसले नाहीत. उसाचे पाचट कापडी पिशव्यांत भरून, रिकाम्या बाटल्या बांधून, त्यांनी लांबच लांब तरंगत्या गुंडाळ्या शिवल्या आणि तेल अडवायला पाण्यात सोडल्या. कोणी आपले केससुद्धा कापून दिले, कारण केस तेल शोषतात. घरमालकीणबाईंच्या मुलीने शाळेच्या मैत्रिणींबरोबर चार दिवस सुई सोडली नाही. "तुम्ही जाऊ दिलेत तिला? तेलाच्या वासात?" मी विचारले. त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. "समुद्र तिचाही आहे ना!" त्या म्हणाल्या. आमची मुले मोजत होती ती तिवरे त्याच किनाऱ्यावरची.

रविवारी रात्री जेवताना बाईंनी जाहीर केले, "उद्या सुटी. मला पोर्ट लुईला सरकारी कचेरीत परवान्यांसाठी जायचे आहे. दिवसभर सर तुमच्याबरोबर आहेत."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी खिशातून कागद काढला. तो मी दुपारीच तयार करून ठेवला होता. आठ वाजता न्याहारी. नऊ ते साडेदहा आरमारी संग्रहालय. अकरा ते बारा, १८७० पासून मॅनिऑकची, म्हणजे एका कंदाच्या पिठाची, बिस्किटे करणारा कारखाना. एक वाजता जेवण. दोन ते चार विश्रांती. चार ते सहा वह्या पुऱ्या करणे. समुद्राचे नाव त्यात कुठेच नव्हते.

क्षणभर शांतता पसरली. मग एक चष्मेवाली मुलगी अगदी विनयाने म्हणाली, "सर, हे सगळे छान आहे. पण मग सुटी कधी?"

सगळे हसले. मीही हसलो, पण कागद मागे घेतला नाही. तेव्हा आमच्या वर्गाची पोहण्यात पदके मिळवलेली विद्यार्थिनी, तिला आपण कप्तान म्हणू, पुढे झाली. "सर, पाच दिवस आम्ही पाण्यात मान खाली घालून मोजणी केली. एक दिवस नुसते पोहायचे आहे. हे प्रवाळ पुढच्या पिढीला दिसतील की नाही कोण जाणे! समुद्र तापला की ते पांढरे पडतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये जगातले चौथे मोठे विवर्णन जाहीर झाले. पहिले झाले ते १९९८ साली. तेव्हा तर आमचा जन्मही नव्हता."

"पुरे," मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा, कारण सगळी मुले एकदम गप्प झाली. "उद्याचा कार्यक्रम ठरला आहे."

त्या पोरीला काय ठाऊक, की १९९८ हे साल मला प्रवाळांसाठी लक्षात नव्हते.

त्या वर्षी मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात होतो. आमची सहल कोकणात गेली होती. गावाचे नाव सांगत नाही. अशी गावे आपल्या किनाऱ्यावर पुष्कळ आहेत. दुपारची जेवणे झाली. इतिहासाचे सर बरोबर होते. पंचेचाळिशीचे, हसरे गृहस्थ. ते सुरूच्या झाडाखाली आडवे झाले. आम्ही तिघे त्यांच्याकडे गेलो. मीच पुढे होतो. "सर, शिंपले वेचायला जातो," मी म्हणालो. त्यांनी डोळे किलकिले करून आमच्याकडे पाहिले आणि हात हलवून 'जा' म्हणून खूण केली.

आम्ही शिंपले वेचायला गेलो नाही. वाळूच्या टेकाडापलीकडे जाऊन पाण्यात उतरलो. ओहोटी लागली होती. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधला एक पट्टा मात्र शांत, गडद दिसत होता. आम्हाला वाटले, हीच जागा चांगली. आज मला कळते, की शांत दिसणारा तो पट्टा म्हणजेच ओढ. किनाऱ्यावर आलेले पाणी तिथून परत समुद्रात जाते. तिच्याविरुद्ध किनाऱ्याकडे पोहू गेले की माणूस दमतो आणि संपतो. अंग सैल सोडून, किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत गेले तर ओढीतून बाहेर पडता येते. हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नव्हते, आणि आम्ही कोणाला विचारलेही नव्हते. मी गुडघाभर पाण्यात होतो. दुसरा कमरेएवढ्या. तिसरा माझा वसतिगृहातला खोलीतला सोबती. तो पुढे गेला. त्याने एकदा हात वर केला. तो आम्हाला गमतीने बोलावतो आहे, असे मला वाटले.

चौकशी झाली. सरांनी मुलांना मोकळे सोडले, असा ठपका आला. मला विचारण्यात आले तेव्हा मी म्हणालो, "आम्ही सरांना सांगून गेलो होतो." ते खरे होते. काय सांगून गेलो होतो, हे मी बोललो नाही. दोन वर्षांनी सर राजीनामा देऊन आपल्या गावी निघून गेले. मी एम.ए. झालो, प्राध्यापक झालो, आणि समुद्राला पाठ करून बसलो. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याची सहल बुडाली, त्या रात्री मी घरात दिवा लावून बसून राहिलो. सौभाग्यवतीला वाटले, मी पेपर तपासतो आहे.

माहेबूरच्या त्या रात्री मला झोप लागली नाही. कड्यावर फुटणाऱ्या लाटांचा घोष दुरून अखंड येत होता. मनात एकच विचार येई : उद्या मी यांना संग्रहालयात कोंडले, तर संध्याकाळी चार वाजता, विश्रांतीच्या वेळी, यांतले कोणीतरी माझ्याकडे येईल आणि म्हणेल, "सर, जरा शिंपले वेचायला जातो."

सकाळी न्याहारीला मी वेळापत्रकाचा कागद फाडला आणि मुलांना १९९८ ची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, शिंपल्यांसकट. इतक्या वर्षांत ती मी कोणालाही सांगितली नव्हती. पावाचे तुकडे ताटल्यांत तसेच राहिले. मग मी म्हणालो, "आज सुटी आहे. कुठे जायचे तिथे जा. एकटे जाऊ नका. आणि जिथे जाणार असाल ते मला खरे लिहून द्या. वाईट वाटेल, सर नाही म्हणतील, असे वाटले तरी खरेच लिहा."

कप्तानाने वहीची पाने फाडून सगळ्यांना वाटली. पाच मिनिटांत माझ्या हातात चिठ्ठ्या आल्या. चौघे बाजारात. दोघी घरी, दिवसभर झोपणार. 'सर, कृपया जेवायलाही उठवू नये.' सात जण ब्लू बेला पोहायला. आणि तिघे दक्षिण किनाऱ्यावर ग्री-ग्रीला. ही चिठ्ठी वाचून माझ्या पोटात गोळा आला. बेटाभोवतीचे कडे ग्री-ग्रीला तुटलेले आहे. तिथे महासागर थेट काळ्या कड्यांवर येऊन आदळतो. पोहायला ती जागा धोक्याची. चिठ्ठीत लिहिले होते : 'जिथे प्रवाळ नाहीत तिथे काय होते ते पाहायचे आहे. पाण्यात उतरणार नाही. चारच्या बसने निघू.'

मी तीनदा वाचली. खरे लिहा म्हणून मीच सांगितले होते. "जा," मी म्हणालो.

सोमवार हा माहेबूरच्या बाजाराचा दिवस. मी बाजारवाल्यांबरोबर गेलो. भाजीपाला, कापड, मसाले, लिचीचे घोस यांची नुसती रेलचेल. एका गाडीपाशी रांग लागली होती. तिथे ढोल पुरी मिळते. हरभऱ्याच्या डाळीचे पुरण भरलेली पातळ, मऊ पोळी, पण गुळाविना. तिच्यावर वालासारख्या दाण्यांची आमटी आणि मिरचीचा ठेचा घालून दोन-दोन गुंडाळून देतात. "सर, ही तर रुसलेली पुरणपोळी!" आमचा एक विद्यार्थी म्हणाला. रांगेतल्या एक बाई वळून पाहू लागल्या. "आपण महाराष्ट्रातून आला आहात काय?" त्यांनी विचारले. शुद्ध, पुस्तकी मराठी! त्या तिकडच्या सरकारी शाळेत मराठी शिकवीत. त्यांच्या पणजोबांचे वडील कोकणातून आलेले. "लय भारी!" आमचा विद्यार्थी आनंदाने ओरडला. बाईंना ते समजले नाही. त्यांनी मला गंभीरपणे विचारले, "काय जड आहे?" मग बऱ्याच गप्पा झाल्या. त्यांच्याकडे गणपतीत अजून झाक्री नाचतात. ती आपली कोकणातली जाखडीच. पाच-सहा पिढ्यांत भाषा पुष्कळशी क्रिओल झाली. पण पावलांनी ठेका सोडला नाही. निघताना त्या म्हणाल्या, "आज शाळेला माझी रजा आहे. सुटीच्या दिवशी मराठी बोलायला मिळाले." मी माझी टिपणे खिशातून काढलीसुद्धा नाहीत.

अकराच्या सुमारास मी ब्लू बेला पोहोचलो. १९९० नंतर संरक्षण मिळालेले हे सागरी उद्यान ३५३ हेक्टरांचे आहे. पोहण्याची जागा तरंगत्या खुणांनी आखून दिलेली असते. सात डोकी पाण्यावर दिसत होती. मी मोजली, सवय जाते कुठे? कप्तान बाहेर आली, केस पिळता पिळता म्हणाली, "सर, आम्ही जोड्या लावल्या आहेत. प्रत्येकाने आपला जोडीदार पाहायचा. सातवा माझ्याकडे. तुम्ही मोजले नाही तरी चालेल."

"आणि मोजले तर?"

"तरीही चालेल, सर."

बाराच्या सुमारास एक गंमत झाली. एकाने वाळूत बाटली उभी केली आणि सगळ्यांना हाका मारल्या. बाटलीला सावली नव्हती! नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य त्या बेटाच्या बरोबर डोक्यावर येतो. आम्ही आठ जण वाळूत उभे राहिलो आणि खाली पाहिले. प्रत्येकाची सावली ज्याच्या त्याच्या पायांखाली गोळा झालेली. इतकी वर्षे माझ्याबरोबर फिरणारी माझी सावली मी शोधू लागलो, तर ती दिसेना.

"सर," कप्तान म्हणाली, "गुडघ्यापर्यंत या. बूट घाला माझ्या भावाचे... म्हणजे याचे." आणि तिने शेजारच्या मुलाचे बूट माझ्यापुढे ठेवले. सगळे हसले. मी विजार वर दुमडली. पाणी कोमट होते. दोन मुले माझ्या दोन बाजूंना उभी राहिली, हात न धरता, पण हात पोचेल इतक्या अंतरावर. पायांजवळून पट्टेरी माशांचा एक थवा गेला, वळला आणि पुन्हा आला. मी तिथे किती वेळ उभा होतो, ते सांगता येत नाही. घड्याळ किनाऱ्यावर होते.

पण गोष्ट इथे संपत नाही. चारच्या बसने निघालेली मुले सव्वापाच-साडेपाचपर्यंत माहेबूरला यायला हवी होती. साडेपाच झाले. पावणेसहा झाले. मी स्टँडवर जाऊन उभा राहिलो. आलेल्या प्रत्येक बसमधून शाळेची मुले, पिशव्या, म्हाताऱ्या उतरत होत्या. तिघे नव्हते. माझ्या फोनमध्ये तिकडचे कार्ड नव्हते. शंभर रुपये वाचवायला मी ते घेतले नव्हते. चिठ्ठी मात्र खिशात होती. ती मी पुन्हा पुन्हा वाचत होतो. 'पाण्यात उतरणार नाही.' आणि मनात इतिहासाच्या सरांचा हात दिसत होता, 'जा' म्हणून हललेला.

सूर्य मावळायला आला. मला कळून चुकले, की विश्वास ठेवणे म्हणजे निर्धास्त होणे नव्हे. इतकी वर्षे मी त्या माणसाला निष्काळजी समजत आलो होतो. कदाचित तो निष्काळजी नव्हता. कदाचित त्याने आम्हाला फक्त खरे मानले होते.

सव्वासहाला तिघे उतरले. चारची बस त्यांच्या डोळ्यांदेखत भरून गेली होती आणि पुढची उशिरा आली. त्यांनी निरोप पाठवला होता. पण माझा फोन बंद म्हणून बाईंच्या फोनवर, पोर्ट लुईला. त्यातला मोठा मुलगा घाबरत म्हणाला, "सर, उशीर झाला. पण चिठ्ठीत लिहिले तसेच वागलो. पाण्यात पायसुद्धा घातला नाही."

मी त्यांना रागावलो नाही. पण खरे सांगतो, माझी नजर आधी त्यांच्या चपलांकडे गेली. त्या कोरड्या होत्या. माझी मलाच लाज वाटली.

"काय पाहिलेत?" मी विचारले.

तिघेही एकदम बोलू लागले. लाट येते ती थेट येते, सर. मध्ये अडवणारे कोणी नाही. जमीन हादरते. तासभर नुसते बसून होतो. मग त्यातला धाकटा हळूच म्हणाला, "सर, पाच दिवस प्रवाळ मोजत होतो. ते कशासाठी असतात, ते आज कळले."

परत आल्यावर महिन्याभराने मी इतिहासाच्या सरांचा पत्ता मिळवला आणि त्यांच्या गावी गेलो. बरोबर माहेबूरच्या मॅनिऑक बिस्किटांचा पुडा नेला. सर आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांनी मला ओळखले. पडवीत बसवले, चहा सांगितला. मी प्रस्तावना न करता बोललो. प्रस्तावनेशिवाय मी आयुष्यात पहिल्यांदाच बोललो असेन. "सर, त्या दिवशी आम्ही तुम्हाला खोटे सांगितले. शिंपले वेचायला जातो म्हणालो, आणि पोहायला गेलो. चौकशीत मी ते बोललो नाही."

सर बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिले.

"मला ठाऊक होते," ते म्हणाले. "शिंपले वेचायला कोणी खांद्यावर टॉवेल टाकून जात नाही. मी पाहिला होता टॉवेल. वाटले, पोरे आहेत, सहल आहे, थोडे भिजतील. चौकशीत मीही टॉवेलाचे बोललो नाही."

चहा आला. कप बशीत ठेवताना त्यांचा हात थोडा कापला. मग त्यांनी मॉरिशसबद्दल विचारले, आणि मी त्यांना सुटीच्या दिवसाची सगळी हकीकत सांगितली. चिठ्ठ्यांची, सावलीची, चारच्या बसची.

"परत आल्यावर त्यांच्या चपला पाहिल्यास ना?" त्यांनी मध्येच विचारले.

मी मान खाली घातली. "पाहिल्या, सर."

"मीही पाहिल्या असत्या," ते म्हणाले, आणि बिस्किटांचा पुडा फोडून माझ्यापुढे केला.